पार्श्वभूमी : ताटामागचा वायू आणि ‘घरगुती’चा घोळ

पुण्यातल्या स्वयंपाकघरांचा जुना इतिहास इथे थोडक्यात उरकतो: शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस. धूर दिसेनासा झाला तसं सगळं निवलं असं वाटलं. पृथ्वी तापवणारे हरितगृह वायू किती आणि कुठून हवेत जातात याचा देशाचा पहिला अधिकृत हिशेब, तोही 1994 सालचा, सादर झाला 2004 मध्ये.

घोळ या हिशेबाच्या रकान्यांत आहे. त्यात ‘घरगुती’ म्हणजे घरात जळलेलं इंधन, बस. 14.2 किलोचं सिलिंडर संपेपर्यंत साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो घराच्या नावावर. कुकरमधल्या इंद्रायणीचं काय? मावळात चिखलणी होऊन आवणी झाली की खाचरात पाणी तुंबतं, खालच्या चिखलाला हवा मिळत नाही आणि तिथे मिथेन हा दुसरा हरितगृह वायू तयार होतो. तो शेतीत. चहाच्या दुधामागची म्हैस रवंथ करताना ढेकरांतून मिथेन सोडते, तोही शेतीत. मार्केट यार्डात कांदा आणणारा ट्रक वाहतुकीत, शिळी पोळी कचऱ्यात. जेवण एक, खाती चार.

वायू निघाला तिथेच मोजायचा, हे ठरवण्यामागे कारण होतं; दुबार मोजणी टळते. पण त्यामुळे मावळातला शेतकरी हिशेबात सापडतो आणि भात ओरपणारा पुणेकर नामानिराळा. खाणाऱ्याच्या बाजूने मोजायला अभ्यासकांनी पुढे सुरुवात केली. सरकारी रकाने आहेत तिथेच आहेत.

पुण्यात हा विषय शिरला तो मागच्या दाराने, कचऱ्यातून. शहराचा कचरा डेपो जिथे होता त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला ओला-सुका कचरा वेगळा करायची निकड पटली. भांडण दुर्गंधीचं आणि विहिरींच्या पाण्याचं होतं. कुजणाऱ्या कचऱ्यातूनही मिथेन निघतो, पण तो कुणाच्या तोंडी नव्हता. पुढे वॉर्डांत बायोगॅस प्रकल्प आले आणि 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरण घराघरावर टाकलं. गांडूळखत करणाऱ्यांना मिळकतकरात 5 टक्के सवलत, जोडीला सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल असेल तर 10.

आमच्या सोसायटीत ‘गांडूळखत प्रकल्प’ ही पाटी अजून आहे. झाकण उचललं की आत फुटक्या कुंड्या आणि आकाशकंदिलाचा सांगाडा. ओला कचरा सकाळी ताई घेऊन जातात. मध्ये तपासणी झाली, सवलत गेली. पुढच्या बैठकीत चर्चा झाली ती वाढलेल्या बिलाची.