चतुर्थीला तीनची भरती: कोळ्यांची पाऊणकी

पावसाळ्यात दरवर्षी बातमी येते, "आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार". अहो लाटा नाहीत त्या, ती भरतीची उंची असते, तीही अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली! कोळीवाड्यात कुणी असा घोळ करणार नाही, उलट भरती किती वाजता तेपण तोंडी सांगतील.

गणित पाऊणकीचं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तेवढे वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटेही साधारण तीनच. अष्टमीला सहा. हे इतकं बरोबर का येतं ते बघा, मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. 30 तिथ्यांत चंद्र सूर्यापासून निघून परत सूर्यापाशी येतो, तेवढ्यात भरती एकूण 24 तास मागे पडते, म्हणजे 1440 मिनिटं भागिले 30, तिथीमागे 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. फरक फक्त 3 मिनिटांचा! पंधरवड्यात तो साठून 45 मिनिटं होतो, पौर्णिमेला पाऊणकी सव्वाअकरा सांगते आणि मुंबईत भरती बाराच्या आसपास येते, पण लगेच प्रतिपदा लागते, मोजणी परत एकपासून, चूक पुसली गेली. आणि दिवसाला भरत्या दोन असल्यामुळे 12 तास मागे पडल्यावर घड्याळात परत बाराच वाजतात, म्हणून शुद्ध-वद्य दोन्हीला एकच पाढा चालतो.

शास्त्रज्ञ हेच दुसऱ्या बाजूने करतात. मुंबईत अपोलो बंदरला 1878 पासूनच्या नोंदी आहेत, अशा नोंदींतून चंद्राची 12 तास 25 मिनिटांची लय, सूर्याची 12 तासांची, अशा कितीतरी लयी सुट्या करून पुढच्या वर्षाचं कोष्टक बनतं. त्यात पाण्याची उंचीपण मिळते, जी पाऊणकीत नाही. चंद्र-सूर्याच्या लयी जुळल्या की उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, एकमेकींविरुद्ध गेल्या की भांग, म्हणजे सगळ्यात लहान. डोल जाळं एका जागी बांधलेलं असतं, मासा प्रवाहानेच आत येतो, म्हणून धंदा उधाणावर.

यावरून "पौर्णिमेला शरीरातलं पाणीपण ओढलं जातं" म्हणणारे भेटतात, ते साफ चूक. भरती होते ती पृथ्वीच्या दोन टोकांवरच्या ओढीतल्या फरकामुळे, मधे जवळपास 12,700 किलोमीटर अंतर आहे, माणूस पावणेदोन मीटरचा.

पाऊणकी मात्र इथल्या किनाऱ्याचीच. भावनगरला भरती लांब, उथळ आखातातून आत शिरत जाते, म्हणून मुंबईपेक्षा काही तास उशिरा पोचते, तिथे हा पाढा तसाच्या तसा लावलात तर होडी चिखलात बसेल.