पत्रा दाबून गाडीची मजबुती कळत नाही

नेक्सॉन की ब्रेझा, या घोळात शोरूममध्ये गेलं की सोबतचा कोणीतरी जाणकार बॉनेट दाबतोच: 'पत्रा पातळ आहे, नुसता डबा!' हा समज चुकीचा. बाहेरचा पत्रा निव्वळ आवरण; टकरीचा मार सोसतो आतला सांगाडा. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या आदळून सुरक्षितता तपासणारी संस्था) चाचणीत दणकट लॅडर फ्रेमवरच्या (शिडीसारख्या पोलादी चौकटीवरच्या) स्कॉर्पिओला ५ पैकी शून्य तारे मिळाले (त्या गाडीत एअरबॅगही नव्हत्या). 'डबा' म्हणून हिणवलेल्या ब्रेझाला २०१८ मध्ये ४, नेक्सॉनला त्याच डिसेंबरात ५. पण ते तारे आज धरू नका. २०२२ पासून निकष कडक झालेत. भारत एनकॅपचा (आपल्याकडच्या अशाच सरकारी चाचणीचा) निकाल असेल तर सुरक्षेचे मोठ्यांचे ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी गुण वेगवेगळे बघा. मागे मुलं बसणार असतील, तर दुसरा आकडा आधी.