फरक आणि अंतर: दोन उभ्या रेघांचं काम

५ आणि −७ यांच्यात किती फरक? कोणी १२ म्हणतं, कोणी −१२, आणि घाईत असलेला एखादा २ म्हणून मोकळा होतो. बोलताना आपण ‘फरक’ आणि ‘अंतर’ हे शब्द एकाच्या जागी दुसरा वापरतो. बीजगणितात ते चालत नाही.

अ − ब हा फरक. त्याला दिशा असते. ५ − (−७) = १२ म्हणजे संख्यारेषेवर ५ ही संख्या −७ च्या उजवीकडे १२ घरं आहे. क्रम उलटा केला की −१२ येतं, आणि तेही बरोबरच. तापमान −७ वरून ५ अंशांवर गेलं की ५ वरून −७ वर आलं, हे सांगायचं असेल तर चिन्ह हवंच.

|अ − ब| हे अंतर. उभ्या रेघांमधल्या संख्येचं शून्यापासूनचं अंतर म्हणजे तिचं केवलमूल्य. कुठूनही मोजा, १२ च. या उभ्या रेघांची खूण जर्मन गणिती वायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरली. आणि ते २? ते |−७| − |५| मधून आलं. तिथे प्रत्येक संख्या शून्यापासून किती लांब आहे ते पाहून मग वजाबाकी झाली. ५ आणि −७ शून्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे या वजाबाकीतून त्यांच्यातलं अंतर मिळत नाही.

माझ्या मते खरा घोळ ‘केवलमूल्य म्हणजे उणे चिन्ह पुसणे’ या पाठ केलेल्या वाक्याने होतो. सुट्या संख्येला ते लागू पडतं. |क्ष − ४| दिसलं की मात्र काही जण उणे पुसून क्ष + ४ लिहितात! त्यापेक्षा ते ‘क्ष चं ४ पासूनचं अंतर’ असं वाचावं. मग |क्ष − ४| = ३ सोडवायला आकडेमोड जवळपास लागतच नाही: ४ पासून ३ घरं डावीकडे १, उजवीकडे ७. |क्ष + ४| मध्ये ठिकाण −४ आहे, कारण क्ष + ४ म्हणजे क्ष − (−४). आणि |क्ष − ४| = −२ ला उत्तर नाही; अंतर उणे कसं असेल?

असमानतेतही हेच वाचन उपयोगी पडतं. |क्ष − ४| ≤ ३ म्हणजे १ ते ७ हा सलग पट्टा. ≥ असेल तर दोन तुटक तुकडे: क्ष ≤ १ किंवा क्ष ≥ ७. ते एकाच ओळीत १ ≥ क्ष ≥ ७ असं जोडलं, की १ पेक्षा लहान आणि ७ पेक्षा मोठी अशी अशक्य संख्या मागितली जाते.

आता |क्ष − १| + |क्ष − ५| = ४ पाहा. चिन्हांचे प्रकार पाडत बसलात तर अर्धं पान जातं. अंतर म्हणून वाचलं, तर १ आणि ५ यांच्यात कुठेही उभे राहा, दोन्हींपर्यंतच्या अंतरांची बेरीज ४ च भरते. म्हणून १ ते ५ मधली प्रत्येक संख्या उत्तर आहे, आणि उजवीकडे ४ ऐवजी ३ लिहिले तर एकही नाही.