अपडेट बंद करू नका, त्याची वेळ तुम्ही ठरवा

अपडेटनंतर बिलाचा प्रिंटर एकदा रुसला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘विंडोज अपडेटची सर्व्हिसच बंद करून टाका.’ हा सल्ला महागात पडतो. 2017 साली जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला दिला होता. हल्ला झाला 12 मे रोजी. म्हणजे अपडेट घेतलेल्या संगणकांना जवळजवळ दोन महिने आधीच संरक्षण मिळालेले होते.

पण तक्रारही खोटी नाही. सप्टेंबर 2021 च्या अपडेटनंतर अनेक कार्यालयांत शेअर केलेला प्रिंटर जोडला जाईना. प्रिंटर जोडलेला संगणक आणि त्यावरून छापणारे बाकीचे संगणक यांच्यातला छपाईचा संवाद कूटबद्धच हवा, अशी सक्ती त्या अपडेटने केली होती. प्रिंटर जोडलेल्या संगणकावर नवे अपडेट आणि बाकीचे जुन्याच पॅचवर, असे असले की दोघांचे जुळत नव्हते. अशा वेळी एकाच संगणकावरचे अपडेट काढत बसण्यापेक्षा सगळे एका पातळीवर आणणे हा खरा उपाय.

आता मुख्य प्रश्न: रिस्टार्ट लागतोच कशाला? चालू प्रोग्रामची फाइल विंडोजने मेमरीशी जोडून ठेवलेली असते, आणि तोवर तिच्यावर दुसरे काही लिहू दिले जात नाही. सिस्टम-32 या विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरमधल्या कित्येक फाइली तर संगणक सुरू असेपर्यंत वापरातच असतात. म्हणून अपडेट नवी फाइल आधी ‘विनएसएक्सएस’ नावाच्या फोल्डरमध्ये आणून ठेवते आणि करायच्या बदलांची यादी तयार करते. रिस्टार्टच्या वेळी, नेहमीचे प्रोग्राम जागे होण्याआधी, ती यादी अमलात येते.

इथली युक्ती फार देखणी आहे. सिस्टम-32 मध्ये दिसणारी फाइल बहुतेक वेळा वेगळी प्रत नसते. ती विनएसएक्सएसमधल्या फाइलचे दुसरे नाव असते. याला हार्ड लिंक म्हणतात. एकाच घराला दोन रस्त्यांवर दोन दारे असावीत, तसे. अपडेट सिस्टम-32 कडचे दार नव्या घराला जोडून देते. मागे फिरण्यासाठी लागणारा मजकूर विनएसएक्सएसमध्ये राखलेला असतो, त्यामुळे अपडेट काढताना काही डाउनलोड करावे लागत नाही. या दोन नावांमुळेच विनएसएक्सएस आहे त्याहून अवाढव्य दिसते: फाइल एक्स्प्लोरर दोन्ही नावे वेगवेगळी मोजतो. जागा मोकळी करायला ते हाताने कधीही पुसू नका. सफाईच्या कमांडला ‘रीसेटबेस’ जोडले, तर आधी घेतलेली अपडेट काढण्याची सोय कायमची जाते.

यादी अर्धी झाली असताना वीज गेली, तर विंडोज सहसा काम पुढे चालू करते किंवा बदल मागे घेते. पण ‘सहसा’वर हिशेबाचा संगणक सोडू नये. यूपीएस असू द्या. पडद्यावरचा टक्का पूर्ण झालेल्या टप्प्यांचा असतो, उरलेल्या मिनिटांशी त्याचा संबंध नसतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर तास-दीड तास थांबा. बटण दाबून बंद करणे हा अगदी शेवटचा मार्ग.

आणखी एक. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपली जाते. अडलेल्या अपडेटसाठी ‘रिस्टार्ट’च निवडा. डेस्कटॉपवर एफ-5 दाबत राहिल्याने संगणक वेगवान होतो ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. त्याने फक्त चित्रे पुन्हा काढली जातात. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे प्रोग्राम) ताजे’ म्हणणारी सॉफ्टवेअरही टाळा. नीट चालणारा प्रिंटर बिघडवण्याचा तो हमखास रस्ता आहे.

मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. त्याआधीच सेटिंग्जमधून अपडेट थोपवणारा ‘पॉज’ एक आठवड्यासाठी लावा. जास्तीत जास्त पाच आठवडे मिळतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी या नियम ठरवण्याच्या सोयीतून हीच दिरंगाई 30 दिवसांपर्यंत कायमची ठरवता येते. दोन संगणक असतील तर कमी महत्त्वाच्या संगणकावर अपडेट आधी घ्या आणि त्यावर खरे काम करून पाहा: एक बिल छापा, बारकोड स्कॅन करा, शेअर केलेले फोल्डर उघडा, कालचा बॅकअप उघडतो का ते बघा. ‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे विंडोजने आपोआप रिस्टार्ट करू नये असे तास, कामाच्या वेळेनुसार भरा. कमाल 18 तास. महिन्याच्या शेवटी येणारी ऐच्छिक प्रीव्ह्यू अपडेट कामाच्या संगणकावर घेऊच नका.

तरीही बिघडलेच, तर ‘अपडेट हिस्टरी’त जाऊन ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडा, आणि लगेच पॉज लावा, नाहीतर तेच अपडेट पुन्हा येऊन बसेल. फक्त प्रिंटर रुसला असेल तर आधी डिव्हाइस मॅनेजरमधले ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बघा. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर परत फिरायला साधारणपणे 10 दिवस मिळतात. संगणक सुरूच होत नसेल, तर बूट लागोपाठ फसल्यावर रिकव्हरीचा पडदा येतो. तिथेही शेवटचे अपडेट काढता येते. मात्र डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर चालू असेल तर या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आजच छापून घ्या आणि त्या संगणकापासून वेगळ्या जागी ठेवा.