बडोदे संस्थानातील सामाजिक स्थित्यंतर (१९०१–१९११)

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीतील हे दशक. बडोद्यात कायद्याला ‘निबंध’ म्हणत, आणि या काळात निबंधांनी थेट लोकांच्या घरात पाऊल टाकले. १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक निबंधाने मुलीचे लग्नाचे किमान वय १२ आणि मुलाचे १६ ठरवले. ब्रिटिश हिंदुस्थानात बालविवाह रोखणारा सारडा कायदा व्हायला अजून पंचवीस वर्षे होती. लोकांनी मात्र दंड भरला आणि लग्ने उरकली. लग्नखर्चात दंडाचीही तजवीज होऊ लागली.

शिक्षणाची मुळे अधिक खोल गेली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलेला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १९०६ मध्ये संस्थानभर लागू झाला: मुलगे ७ ते १२, मुली ७ ते १० वर्षांच्या. गैरहजेरीला पालकांना दंड होता. गुरे राखणारे पोर शाळेत बसले की घरातले दोन हात कमी होत. गरिबाला तो दंड जाचला, हेही नमूद केले पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडताना बडोद्याचाच दाखला दिला. ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

शाळेत शिकलेली अक्षरे विसरू नयेत म्हणून ग्रंथालये आली. १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवण्यात आली. गावच्या ग्रंथालयाला लोकांनी जमवलेल्या रकमेएवढीच रक्कम सरकार देई आणि तेवढीच प्रांत पंचायत, म्हणजे जिल्ह्याची स्थानिक संस्था. जिथे तेवढीही ऐपत नव्हती, तिथे फिरते ग्रंथालय जाई: कुलूपबंद लाकडी पेटी, आत निवडक पुस्तके. वाचून झाली की पेटी परत, मग दुसरी. पेटीत गुजराती पुस्तके असत, मराठीही. दरबार मराठी, रयत बहुतांशी गुजराती, अशा संस्थानात हा समजूतदारपणा लहान नव्हे. रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या मराठी घरांनाही याच काळात आपले वाङ्मयीन व्यासपीठ मिळाले; १९०९ चे मराठी साहित्य संमेलन कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली बडोद्यातच भरले.

अंत्यजांच्या, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांच्या, शाळांचा इतिहास अधिक कष्टाचा आहे. सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार होत नसत. मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षकांनी हे काम उचलले. विठ्ठल रामजी शिंदे यांना विलायतेतील अभ्यासासाठी याच दरबाराचे साहाय्य मिळाले, आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती. १९१७ मध्ये आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही काढून दिल्यावर ते कमाटी बागेत एका झाडाखाली बसले होते.