जीप आमच्याकडे आणण्यापूर्वी घरी काय करावे आणि कोणता डबा उघडू नये

दिवाळी उलटली की रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या कार्यशाळेत जुन्या जीप दुरुस्तीसाठी येऊ लागतात. महिंद्राच्या सीजे ३बी, सीजे ५००डी, एमएम ५४०, मेजर, कमांडर अशा या गाड्या बहुतेक वेळा वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेल्या असतात, आंब्याच्या पेट्या, खताची पोती आणि लग्नाची वऱ्हाडे वाहून थकलेल्या असतात, आणि त्या पुन्हा रस्त्यावर याव्यात अशी घरातल्या सर्वांची मनापासून इच्छा असते. गाडी आमच्याकडे देण्याआधी अंगणात तिची जमेल तितकी साफसफाई केली तर खर्च वाचेल, असा विचार अनेक ग्राहक करतात. तो योग्यच आहे व आम्ही त्याला उत्तेजन देतो. मात्र या साफसफाईच्या शेवटी बरेच जण एक गोष्ट अशी करतात, की वाचलेला सगळा खर्च परत जातो आणि वर आमचे व त्यांचे कित्येक दिवस मोडतात. हे पत्रक मुख्यतः त्या एका गोष्टीसाठी छापले आहे.

ती गोष्ट म्हणजे गंज पुरता निघण्याआधीच चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) आणि फ्लोअरच्या खालच्या बाजूला काहीतरी काळे फासणे. कोणी डांबरी कोटचा डबा आणून ब्रशने मारतो, कोणी काळा ऑइल पेंट लावतो, तर कोणी इंजिनातून काढलेले जळके ऑइल फवारतो. गाडी खालून नव्यासारखी दिसू लागते, आणि नेमके तेच आमच्यापुढचे संकट असते.

गंज हा पत्र्यावर बसलेला मळ नव्हे. तो पत्राच गंजात बदललेला असतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, फुगतो, त्याचे पोपडे सुटतात आणि त्या पोपड्यांच्या थरांमध्ये पाणी व समुद्राच्या हवेतले मीठ साठून राहते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे वरून कोरडी दिसणारी चासी आतून दमटच असते. अशा थरावर डांबरी कोट मारला म्हणजे तो लोखंडाला न चिकटता पोपड्याला चिकटतो, ओलावा आत कोंडला जातो आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आपल्या भागात एक-दोन पावसाळ्यांत काळ्या पापुद्र्याखाली पत्रा खलास होतो. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. जांभ्याची तांबडी माती चासीच्या पन्हळीत आणि बॉडीच्या रबर पॅकिंगवर घट्ट बसते, तिचा रंग गंजाच्या रंगात मिसळून जातो, आणि माती कुठे संपली व गंज कुठे सुरू झाला हे नवख्याला उमगत नाही. म्हणून पुष्कळदा मातीसकटच कोट मारला जातो.

दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाने सीजे ५००डी आणली, ती खालून आरशासारखी काळी होती. काम ठरले होते ते फक्त चालकाच्या पायाखालचा पत्रा बदलण्याचे. वेल्डिंग सुरू करताच कोट वितळून धूर झाला, एका ठिकाणी ज्योत धरली, आणि जोडात बुडबुडे राहून तो जोड हाताने हलवला तरी सुटू लागला. मग सगळा कोट स्क्रेपरने आणि डिझेलने उतरवावा लागला, कारण ग्राइंडरच्या वायर ब्रशमध्ये डांबर गुंतून ब्रश काही मिनिटांत निकामी होत होता. त्यात सहा दिवस गेले. कोट निघाल्यावर मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या कडीजवळ, चासीला जी भेग दिसली, ती कोट नसता तर पहिल्याच दिवशी दिसली असती. त्या ग्राहकाने घरी घेतलेली मेहनत प्रामाणिक होती, आणि तिची मजुरी आम्हाला त्याच्याच बिलात लावावी लागली, याचे आम्हाला आजही वाईट वाटते.

जळक्या ऑइलविषयी थोडे वेगळे सांगावे लागेल, कारण पावसाळ्याच्या तोंडावर गाडीला ते मारण्याची पद्धत आपल्या वडीलधाऱ्यांची आहे आणि तिच्यात तथ्य आहे. धडधाकट लोखंडावर ते एक हंगाम पाणी टिकू देत नाही. परंतु ज्या गाडीला वेल्डिंग आणि रंग व्हायचा आहे, तिला ते कदापि लावू नये. ऑइल पत्र्याच्या दुहेरी जोडांत शिरते, आम्ही कितीही पुसले तरी उष्णता लागताच पुन्हा पाझरते, आणि त्यावर मारलेल्या प्रायमरला (रंगाखालच्या अस्तराला) माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. शिवाय बॉडीखालची रबर पॅकिंग आणि पाट्यांचे बुश ऑइलने फुगून मऊ पडतात, आणि पहिल्या पावसात उरलेले ऑइल अंगणातून विहिरीच्या वाटेला लागते.

मग घरी करावे काय? पुष्कळ काही करता येते, आणि त्यातले प्रत्येक काम आमची मजुरी खरोखर कमी करते. प्रथम माती कोरडी असतानाच लाकडी पट्टीने किंवा जुन्या खुरप्याने खरवडून काढावी. ओली केल्यावर ती चिखल होऊन आणखी आत जाते. मडगार्डच्या आतला वरचा कंगोरा, बॅटरीच्या तबकाखालची जागा, सीटखालचे खण आणि फाळक्याच्या बिजागऱ्या या ठिकाणी माती हमखास सापडते. त्यानंतर ग्रीस व तेलाचा थर रॉकेल आणि ब्रशने सोडवावा. हे काम उघड्यावर करावे, जवळ विडी-सिगारेट किंवा चूल नसावी, आणि रॉकेलऐवजी पेट्रोल कधीही वापरू नये. शेवटी साबणाच्या पाण्याने बागेच्या साध्या पाइपने धुवावे. सर्व्हिसिंगचा जोरदार फवारा डायनामो, डिस्ट्रिब्युटर, चाकांचे बेअरिंग आणि प्रोपेलर शाफ्टच्या जोडांवर मारला की पाणी आत शिरते व ग्रीस बाहेर येते. हे नुकसान रंगाच्या नव्हे, इंजिनकामाच्या बिलात दिसते. धुतल्यावर फ्लोअरची बुचे काढून गाडी दोन दिवस कडक उन्हात ठेवावी.

गाडी वाळली की एक लहान हातोडी आणि खडू घेऊन खाली बसावे. चासी व फ्लोअर हलकेच ठोकत जावे. जिथे आवाज ठणठणीत येतो तिथे लोखंड शाबूत आहे. जिथे तो बद्द येतो किंवा पोपडा सुटतो, तिथे खडूने गोल करावा. तासाभराच्या या कामाने आपल्याला गाडीची खरी अवस्था कळते आणि आमचा अंदाज अचूक निघतो. त्या खुणांसह गाडी जशी आहे तशी, विटकी आणि तांबडी, आमच्याकडे आणावी. गंजकी गाडी कार्यशाळेत आणण्यात कसलाही कमीपणा नाही.

ज्यांना बाहेरच्या पत्र्यावरचे किरकोळ ठिपके स्वतःच काढायचे असतील, त्यांनी वायर ब्रश आणि ८० नंबरच्या सँडपेपरने पोपडे पूर्ण काढून, मग फॉस्फरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण हातमोजे व चष्मा घालून लावावे. ते उरलेल्या पातळ गंजाचे काळ्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते, मात्र जाड पोपड्याच्या आत ते पोचत नाही, त्यामुळे खरवडण्याचे कष्ट वाचत नाहीत. डब्यावर लिहिल्याप्रमाणे वाळू देऊन त्याच दिवशी प्रायमर मारावा. नुसता रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर) मारून गाडी पावसाळाभर उघडी ठेवू नये, कारण तो थर सच्छिद्र असतो व पाणी आत घेतो. पुट्टीचेही तसेच आहे, म्हणून उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी भरलेली गाडी आली तर ती पुट्टी आम्ही न विचारता काढतो. आम्ही स्वतः उघड्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर देतो. तो महाग आहे, आणि आमचे दर काही जणांना जास्त वाटतात त्याचे ते एक कारण आहे.

सीट, कापडी हूडच्या कमानी, बंपर आणि दिवे घरी सोडवून आणण्यास हरकत नाही. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून प्रत्येकीवर कोणत्या भागाचे ते लिहावे, आणि सोडवण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत. फ्लोअरचा पत्रा मात्र घरी कापू नये. जीपची बॉडी वरून उघडी असते, तिच्या बाजूंना फ्लोअरच धरून ठेवतो, आणि आधार न देता तो कापला की बाजू फाकतात व नंतर फाळका बसत नाही. सीजे ३बीमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते, म्हणून तिथे ग्राइंडर चालवण्याचा विचारही करू नये, आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग तर कोणाकडूनही करून घेऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

चासी नंबरविषयी विशेष विनंती आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्या वेळी आरटीओ तपासणीत चासीवर ठोकलेला नंबर पाहिला जातो. ग्राइंडरने तो पुसट झाला तर उत्तम दुरुस्त केलेली जीपही कागदोपत्री अडकून पडते. ती जागा केवळ रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ करून वर पातळ ग्रीस लावावे. रंगाबाबतही दर महिन्याला एक तरी ग्राहक सैन्याच्या ऑलिव्ह ग्रीनचा आग्रह धरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना देता येतो, म्हणून आम्ही तो देत नाही व देणारही नाही. मूळ रंग बदलून अन्य रंग हवा असल्यास त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. त्याचप्रमाणे, बाहेरून तयार बॉडी आणून बसवण्याचा विचार असेल तर एकदा आमच्याशी बोलावे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद केली आहे, आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेले वाहन तिच्यात बसत नाही. जुनी बॉडी भंगारात गेली की ती परत मिळत नाही.

फोटोवरून किंवा फोनवर आम्ही खर्चाचा आकडा सांगत नाही, याबद्दल काही जण नाराज होतात. फोटोत गंजाची खोली दिसत नाही आणि बद्द आवाज ऐकू येत नाही. गाडी रॅम्पवर घेऊन अर्धा दिवस तपासणी केल्यावर आम्ही कामांची लेखी यादी देतो; तपासणीचे शुल्क काम आमच्याकडे झाल्यास बिलातून वजा होते, आणि काम अन्यत्र करायचे ठरवल्यास ती यादी आपण खुशाल घेऊन जावी. पत्र्याला आम्ही १८ गेजचा पत्रा व सीओटू वेल्डिंग वापरतो, जुना पत्रा आणि रंगापूर्वीचे फोटो ग्राहकाला दाखवतो, आणि चासीच्या बंद भागांत शेवटी मेण फवारतो. आपण घरी जो डांबरी कोट मारणार होता त्याचे काम हे मेण करते, आणि ते आमच्या एकूण बिलात समाविष्ट असते.

रंगाचे काम आम्ही दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच घेतो, कारण पुढे हवेतला दमटपणा वाढत जातो आणि पावसाळ्यात दिलेला रंग धुरकट बसतो. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या ग्राहकांनी त्याच वेळी गाडी दाखवून नोंदणी करून ठेवल्यास दिवाळीनंतरचा क्रमांक मिळतो. येताना आरसी, विमा आणि पीयूसीची प्रत, सुट्या भागांच्या पिशव्या आणि खडूच्या खुणा केलेली गाडी आणावी. ती बंद असल्यास उचलून आणण्याची व्यवस्था आम्ही करतो.