विलाप आणि कुरकुर

उन्हाळ्यात सोलापूरच्या नळांना काही दिवसांआड पाणी येते, आणि पिंपे-कळशा भरण्याच्या घाईत माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात त्यांना आपण सरसकट कुरकुर म्हणतो. ख्रिस्ती मंडळीतही हीच सवय दिसते. आजारपणाने, यंत्रमाग थांबल्याने बुडालेल्या मजुरीने किंवा घरातील मृत्यूने पिचलेला विश्वासणारा घरसभेत ‘देवा, का?’ असे म्हणाला, की कोणीतरी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 10व्या अध्यायाचा हवाला देऊन ‘कुरकुर करू नये’ असे त्याला बजावते. हवाला खरा आहे. पण तो बहुधा चुकीच्या माणसाला लावला जातो, कारण पवित्र शास्त्र (बायबल) ज्या कुरकुरीचा निषेध करते ती वेगळी, आणि ज्या विलापाला स्तोत्रसंहिता या आपल्यातील स्तोत्रांच्या पुस्तकात जागा देते तो वेगळा.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात मिसरातून (इजिप्तमधून) निघालेले इस्राएल लोक रफीदीम येथे तळ देतात आणि तेथे प्यायला पाणी नसते. त्यांची तहान खरी होती, मुलाबाळांची आणि गुराढोरांचीही होती, आणि तिच्यात पाप काही नव्हते. मात्र ते आपला पुढारी मोशे याच्यावर उलटले, आम्हाला तहानेने मारायला मिसरातून आणलेस काय असे त्याला विचारू लागले, आणि परमेश्वर आपल्यामध्ये आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी एकमेकांत फिरवला. त्याच तहानेचे शब्द 42व्या स्तोत्रात येतात, पण तेथे पाण्यासाठी तळमळणाऱ्या हरिणीसारखा झालेला जीव थेट देवाला हाक मारतो, आणि तू मला का विसरलास, असे त्यालाच विचारतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर कुरकुरीत देव तृतीयपुरुषी असतो आणि विलापात द्वितीयपुरुषी. (खडकातून पाणी कुरकुर करणाऱ्यांनाही मिळाले, हे येथे विसरू नये, मागणे पुरे झाले की नाही, यावरून दोन्हींतला फरक ठरत नाही.)

दुसरा फरक आठवणीचा आहे. कुरकुर करणाऱ्यांना मिसरातील मांसाची भांडी आठवली, विटा थापण्याची वेठबिगारी आठवली नाही; उलट 77व्या स्तोत्राचा कर्ता रात्रभर तळमळून शेवटी देवाची पूर्वीची कृत्ये एकेक करून आठवतो.

देवाशी भांडण मराठी माणसाला नवे नाही. याच जिल्ह्यातील पंढरपूरच्या विठ्ठलाला जनाबाईने ज्या हक्काने शिव्या दिल्या, तो हक्क जवळिकीतून येतो हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तरीही 13व्या स्तोत्रात दोन वचनांत चार वेळा आलेले ‘कोठवर?’ वाचताना आपण संकोचतो, आणि वधस्तंभावर येशूने 22व्या स्तोत्राचेच शब्द उच्चारून आपला त्याग का केला असे पित्याला विचारले, हेही सांत्वनसभेत अगदी सोयीस्करपणे बाजूला ठेवतो. बायबलमधील ईयोब या पुस्तकात, दुःखाने पिचून देवाकडे तक्रार करणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन लांबलचक भाषणे केली. पुस्तकाच्या 42व्या म्हणजे शेवटच्या अध्यायात देव मात्र ईयोबच यथार्थ बोलला असा निर्णय देतो.

दुःखाने विश्वास आपोआप खोल होतो, असे म्हणणे मला धाडसाचे वाटते, कारण तेच दुःख कित्येकांना कडवट करून मंडळीबाहेर नेते. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे दोन्ही टोकांनी दिसते: 1870च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गेल्यावर त्यांची वडिलोपार्जित श्रद्धा डळमळली, तर 1921मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेल्यानंतरही, सोलापूर-पुणे लोहमार्गावरील केडगाव येथे, 1922च्या एप्रिलमध्ये स्वतःचा मृत्यू येईपर्यंत त्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात प्रेषित पौल संकटापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा अशी साखळी मांडतो, आणि ही साखळी जेथे तुटते तेथे बहुधा माणसाने देवाशी बोलणे थांबवलेले असते. बोलणे चालू असेपर्यंत, ते कितीही कडू असले तरी, धीर तयार होण्यास वाव राहतो.

म्हणूनच 88वे स्तोत्र मला महत्त्वाचे वाटते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. त्याचा शेवट अंधारात होतो. परंतु त्याच्या पहिल्याच ओळीत देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक आहे, आणि पुढची सगळी तक्रार त्याच हाकेखाली लिहिलेली आहे.